महारुद्रची जागा

पंचफुलाबाई कुणाला मारत नव्हत्या, कुणावर ओरडत नव्हत्या, आणि सुकेशनीला नेमकी त्याचीच धास्ती वाटायची. भाकरी थापताना, नळावर हंडा लावून उभी असताना, दुपारी जरा पाठ टेकली तरी तोच विचार मनात फिरत राहायचा. बाई मारत नाहीत, रागवत नाहीत, मग तिसरीतली एवढी लेकरं दगडासारखी बसतात कशी?

वाडीवर हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नव्हता. चुडाव्याच्या स्टेशनपासून आत शेतातून जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं ही वाडी. शाळा दोन खोल्यांची, मागं पडीक मळा आणि त्यात एक जुनी विहीर. पंचफुलाबाई इथं येऊन बरीच वर्षं झाली होती. पन्नाशीच्या, सडसडीत, खळ दिलेल्या सुती साडीतल्या. लग्न केलेलं नाही. शाळेच्या मैदानापलीकडं एका खोलीत एकट्याच राहायच्या. चालायच्या त्यासुद्धा पाऊल मोजूनमापून ठेवल्यासारख्या. ज्यांच्या वर्गात पोरं दंगा करतात असे मास्तर वाडीनं खूप पाहिले होते. ज्यांच्या वर्गातून आवाजच येत नाही अशा या एकट्याच. त्यामुळं लोक कौतुकानं म्हणायचे, "बापानं खांबाला बांधलं तरी बसत न्हाई ना पोरगं? मॅडमकडं धाडा."

सुकेशनीच्या अपेक्षाला आजवर कुणालाच बसवता आलं नव्हतं. पोरगी जेवायची ती उभ्यानं, एका पायावर. गणित अर्धं सोडून मुंग्यांच्या मागं जायची. पाटी, पेन्सिल, चपला रोज कुठंतरी हरवायच्या. दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत हिचं उत्तर तयार, आणि ते उत्तर भलत्याच प्रश्नाचं. तिचा बाप नागेश चुडाव्याला रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होता. तो हसून म्हणायचा, "ही आपल्या ठेसनात न थांबणारी गाडी हाय. झेंडा दाखवायचा अन् बाजूला व्हायचं."

सुकेशनीला मात्र हसू येत नव्हतं. तिनं पूर्ण्याच्या कॉलेजातून बीए केलेलं. शेजारणी 'अंगातलं वारं' म्हणाल्या, 'मुंजाला नारळ फोडा' म्हणाल्या. सुकेशनीच्या घरात तसलं काही मानत नव्हते. आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशीच ते सगळं गावाबाहेर टाकून आले होते. ती पोरीला घेऊन सरळ परभणीला डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टरांनी दोन-तीन खेपेला बोलावलं, पोरीला खेळवलं, नाना गोष्टी विचारल्या आणि सांगितलं, "याला एडीएचडी म्हणतात. ती हट्टी नाही, वाया गेलेली नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. तिला कळतं सगळं, पण लक्षाला लगाम घालणारा हात जरा ढिला आहे. औषधाचं पुढं बघू. आधी तिच्या बाईंशी बोला. तिला पुढं बसवा, दारा-खिडकीपासून लांब. एका वेळी एकच काम सांगा, मोठं असेल तर तोडून द्या. मधूनमधून तिला उठायला निमित्त द्या. खडू आणायला सांगा, फळा पुसायला सांगा. आणि जमलं की तिथल्या तिथं शाबासकी द्या. तिला नुसतं 'बस' म्हणणं म्हणजे चष्मा लागलेल्याला 'नीट बघ' म्हणण्यासारखं आहे."

जून महिन्यात, शाळा उघडली त्याच आठवड्यात सुकेशनीनं हे सगळं पंचफुलाबाईंना सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची नजर सगळा वेळ अपेक्षावर होती. अपेक्षा खिडकीच्या गजांना लोंबकळत होती.

"पळती का?" त्यांनी विचारलं.

"पळते म्हणजे... सारखी पळते मॅडम."

"शाळेच्या मागं? हिरीकडं?"

"कुठंही जाते. तिला भानच राहत नाही."

बाईंनी मान हलवली. "बसंल. माझ्याकडं सगळे बसतात."

पोळा झाला, आणि एका दुपारी शाळेतून आल्यावर अपेक्षा भिंतीला टेकून बसली. बसली ती बसूनच राहिली. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. सुकेशनीनं हरखून तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. पोरीनं तो बसूनच खाल्ला, जबडा हलतोय न हलतोय असा. शेजारणींनी येऊन बघितलं. "केली का न्हाई मॅडमनं कमाल?" नागेश म्हणाला, "गाडी थांबली म्हणायची!"

पण चार दिवसांनी त्याचंही हसू मावळलं. मैत्रिणी दारात येऊन हाका मारायच्या आणि अपेक्षा मान न वळवता नुसत्या बुबुळांनी त्यांच्याकडं बघायची. दात पडला, तो तिनं तोंडातच ठेवला. सुकेशनीला ओठांवरचं रक्त बघून कळलं. मग एका दुपारी तिचा फ्रॉक बसल्या जागी ओला झाला. खालची फरशी ओली झाली, तरी पोरगी उठली नाही.

"अगं बाळा, उठायचं ना! मोरीत जायचं ना!"

"उठायचं नसतं," अपेक्षा म्हणाली. ओठ जवळजवळ हललेच नाहीत.

"कामून पण?"

"हललं की त्याला दिसतं."

"कुणाला?"

सुकेशनीनं तिला उचलून घेतलं तेव्हा हातापायांची ठेवण तशीच राहिली, उचललेल्या पाटासारखी.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी सुकेशनी शाळेत गेली. वऱ्हांड्यात चपलांच्या जोड्या ओळीनं मांडलेल्या होत्या, एकही वाकडी नाही. आतून काही आवाज नव्हता. शाळा सुटली असेल आणि लेकरं अनवाणीच गेली असतील, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं दारातून डोकावलं.

आत वर्ग भरलेला होता. बसकरपट्ट्यांवर सगळी लेकरं, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे. समोर फळा होता, त्यावर एक अक्षर नव्हतं. सगळे त्या कोऱ्या फळ्याकडं बघत होते. पंचफुलाबाईसुद्धा. त्या खुर्चीत बसल्या होत्या, लेकरांसारखेच हात गुडघ्यांवर ठेवून. एक माशी त्यांच्या गालावरून चालत डोळ्यापर्यंत गेली. पापणी लवली नाही.

पहिल्या ओळीत अपेक्षा होती. दारा-खिडकीपासून लांब, डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तशी. तिच्या शेजारी पट्टीवर एका लेकराएवढी जागा मोकळी होती. मागच्या ओळींत लेकरं दाटीवाटीनं बसली होती, पण तिथं कुणी सरकलेलं नव्हतं.

जेवणाची घंटा झाली तशी लेकरं उठली, पाण्यातून चालल्यासारखी, हळूहळू. वऱ्हांड्यात धुरपताबाई खिचडी वाढायला बसल्या होत्या. शाळेचा स्वयंपाक त्याच करायच्या. म्हाताऱ्या, तोंडाळ आणि मायाळू. सगळी ताटं वाढून झाली. मग त्यांनी आणखी एक ताट वाढलं आणि आत नेऊन त्या मोकळ्या जागेपुढं ठेवून आल्या.

"मावशी, ते कुणाचं?" सुकेशनीनं विचारलं.

"महारुद्राचं."

"कोण महारुद्र? या वर्गात तर कुणी महारुद्र नाही."

"तुला कसं म्हाईत असंल? तू तर काल आलीस या गावात लगीन होऊन," धुरपताबाई म्हणाल्या. "बस इतं. दोन घास खा, वाळून चाललीस पार. मॅडमच्या भावाचं ताट हाय ते."

"मॅडमचा भाऊ इथं राहतो?"

"मेला की. लहानपणीच."

धुरपताबाईंचं माहेर पेडगावचं, आणि पंचफुलाबाईही पेडगावच्याच. त्या वऱ्हांड्यात, पुढ्यात लेकरं आवाज न करता जेवत असताना, धुरपताबाईंनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

"ही पंची लहानपणी कशी व्हती सांगू? तुझ्या पोरीपेक्षा लय अवचिंदी. झाडावर, माळवदावर, बैलाच्या पाठीवर. अन् तिच्या पाठचा महारुद्र तर तिच्या वरताण. दोघांची जोडगोळी. शाळेत मास्तर हाणून हाणून दमायचा. घरी बाप. पण थांबतंय कोण? एक दिवशी शेतात माय भाकरी सोडायलीय, तिनं पंचीला सांगितलं, भावाला धरून बस, हलू देऊ नको. बसतीय का ती? पाखराच्या मागं पळाली. तिच्यामागं तो. हिरीला कठडा न्हाई. ती वळसा घालून गेली, तो सरळ गेला."

"मग?"

"मग काय. न मुंज, न लगीन, असं पोरगं गेलं की त्याचा मुंजा व्हतो म्हणतात. पिंपळाखाली धोंडा मांडला, शेंदूर फासला. अन् मायनं पंचीला रोज भरदुपारी त्या धोंड्यापुढं बसवलं. म्हणायची, तू हललीस म्हणून तो गेला. आता तू हललीस तर तो तुला न्यायला यील. एक उन्हाळा बसली, दुसरा उन्हाळा बसली. पाय हलतात म्हणून सवताच्या वढणीनं सवताच बांधून घ्यायची. तशीच शिकली, तशीच मास्तरीण झाली. लय गुणाची बाई हाय गं. पगारातून किती लेकरांच्या वह्या घेते. कुणाला बोट लावत न्हाई."

"आणि वर्गात ते ताट? ती जागा?"

"ज्या साली अवचिंद पोरगं वर्गात येतं, त्या साली महारुद्राला बसवते त्याच्या शेजारी. सांगते, ह्यो हलला म्हणून गेला, तुमी हलू नका. लेकरं बसतात. अन् खरं सांगू का?" धुरपताबाईंनी इकडंतिकडं बघितलं. "ह्या गावात हिरीत पडून एक बी पोरगं गेलं न्हाई. मग कोण काय बोलणार तिला?"

सुकेशनी उठून वर्गात गेली. पंचफुलाबाई खुर्चीतच होत्या. त्यांचा डबा उघडलेला नव्हता.

"या," त्या म्हणाल्या. "बसली ना पोरगी? तुमी म्हणला व्हता, कुणाचं ऐकत न्हाई."

"मॅडम, ती बसली नाही. ती गारठलीय."

सुकेशनी खाली वाकली आणि त्या मोकळ्या जागेवर तिनं हात ठेवला. पट्टीची तेवढी जागा कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. खिडकीतून ऊन येत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. खिडकी पलीकडच्या भिंतीला होती. तिनं हात मागं घेतला.

"इथं कुणी नाही मॅडम," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा ठाम निघाला नाही.

"मी लेकरांना खोटं सांगत न्हाई," बाई म्हणाल्या. "तो बसतो तितं. मी रोज बघते. आता अजिबात हलत न्हाई बघा. म्हणून त्याला काही होत न्हाई."

हे बोलताना त्यांचा चेहरा निवांत होता, आजारी लेकरू बरं झालं असं सांगणाऱ्या आईसारखा. सुकेशनीची मान खाली गेली आणि तेव्हा तिला बाईंचे पाय दिसले. साडीच्या काठाखाली पायांची बोटं एकमेकांवर चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. कमरेच्या वर दगड आणि खाली गोणीत कोंडलेल्या जिवांसारखी ती बोटं. ही वळवळ सुकेशनीच्या ओळखीची होती. एका पायावर उभी राहून जेवणाऱ्या अपेक्षाच्या पायांत तिनं ती रोज बघितली होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्हालाही बसवत नाही ना?"

बोटं थांबली. बाहेर ताटं धुतल्याचा तेवढा आवाज येत होता.

"घंटा व्हईल आता," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुमी निघा."

सुकेशनी अपेक्षाला घेऊनच निघाली. वाटेत तिनं मुद्दाम पोरीचा हात सोडला. पळ म्हणाली, शर्यत लावू म्हणाली. पोरगी तिच्या चालीनं चालत राहिली. घरी आल्यावर सुकेशनीनं तिला मांडीवर घेतलं, दार लावलं आणि म्हणाली, "मला महारुद्र कळला. तू त्याला भितीस का?"

अपेक्षानं पहिल्यांदाच तिच्याकडं तोंड वळवून बघितलं. "न्हाई मम्मी. बाकीचे भितात. मी आता न्हाई भीत. तो लय चांगला हाय."

"चांगला आहे?"

"त्याला बी बसवत न्हाई. मॅडम फळ्याकडं बघायल्या की तो मला हळूच बोलतो."

"काय बोलतो?"

"तो म्हणतो, हिरीत हललं तरी चालतं. तितं कुणी बस म्हणत न्हाई." पोरीच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं होतं. "तो म्हणतो, मी तुला वाट दाखवतो."

सुकेशनीनं तिला छातीशी इतकं घट्ट धरलं की पोरगी ओरडली. तो ओरडा ऐकून तिला बरं वाटलं.

चारच्या सुमाराला नागेश ड्युटीवरून आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं हातातली पिशवी जमिनीवर आदळली. "यड लागलंय त्या बाईला! केंद्रप्रमुखाचा नंबर हाय माझ्याकडं. लाव फोन. वर तक्रार जाऊ दे, उद्याच्या उद्या हलवा म्हणावं तिला."

"हलवतील. मग?"

"मग काय? सुटली पोरगी."

"कशी सुटली? बाई जातील, ती जागा कुठं जाईल?" सुकेशनी म्हणाली. "नवे सर येतील. त्यांना काही दिसणार नाही, ते तिथं दप्तर ठेवतील, पाय देतील. पण लेकरांना तो दिसतच राहील. आपल्या पोरीला तर तो वाट दाखवायला निघालाय. ज्यांनी त्याला बसवलंय, त्यांनीच त्याला उठवलं पाहिजे. दुसऱ्या कुणाचं अपेक्षा ऐकायची नाही."

"तू बी मानायलीस का आता हे?"

"मी मानत नाही. अपेक्षा मानते. तिनं पाय टाकला तर विहीर खरीच आहे ना?"

नागेश खाली बसला. अपेक्षा भिंतीला टेकून होती. त्यानं तिचा एक हात गुडघ्यावरून उचलून आपल्या हातात घेतला आणि धरून ठेवला.

सुकेशनी बोलत राहिली, निम्मं त्याच्याशी, निम्मं स्वतःशी. जूनमध्ये तिनं बाईंना डॉक्टरांचं सगळं सांगितलं होतं, एकही गोष्ट गाळली नव्हती. पण सांगितलं ते अपेक्षाबद्दल. समोर जी बाई ऐकत बसली होती तिच्यात एक लहानगी पंची पाय बांधून बसलेली आहे, हे तिला कुठं माहीत होतं? पुढं बसवा हे बाईंनी ऐकलं आणि पुढं बसवलं. खिडकीपासून लांब म्हटलं, लांब बसवलं. 'उठायला निमित्त द्या' एवढं मात्र त्यांच्या कानात शिरलं नाही. कसं शिरणार? पोरगं जागचं उठलं की पुढं काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, की महारुद्र वाईट नव्हता, पंची वाईट नव्हती, याला एक नाव आहे, आणि एका न बसवणाऱ्या लेकराला दुसऱ्या न बसवणाऱ्या लेकरावर राखण ठेवणं हीच चूक होती. हे त्यांना पटलं तर आपल्या पोरीला त्यांच्याइतकं ओळखणारं माणूस अख्ख्या तालुक्यात मिळायचं नाही.

"अन् त्या न्हाई म्हणल्या तर?" नागेशनं विचारलं.

"तर तुमच्या त्या साहेबांना फोन. आणि तोवर पोरगी शाळेत जाणार नाही. शाळेतच काय, आपल्यापैकी एकाचा हात सोडून कुठंच जाणार नाही."

"अन् त्या कोलमडल्या तर? इतक्या वर्षांचं धरून ठेवलेलं हाय त्यांनी."

सुकेशनीलाही तीच भीती होती. शाळा सुटली होती, उन्हं उतरायला लागली होती, गल्लीत कुणी नव्हतं, आणि मैदानापलीकडं बाईंच्या खोलीचं दार लावलेलं दिसत होतं. आत त्या काय करत असतील? कुठं तोंड करून बसल्या असतील?

तिनं मोबाइल घेतला आणि काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. मॅडम, मी तक्रार करायला फोन केला नाही. शनिवारी दुपारी अपेक्षाला परभणीला डॉक्टरांकडं न्यायचंय, तुम्ही बरोबर चला. तिच्याबद्दल विचारू आणि महारुद्रबद्दलही विचारू. त्यांना सगळं सांगा, तो कसा पळायचा, कसा हसायचा. आणि आल्यावर आपण दोघी मिळून लेकरांना सांगू, की तो आता तिथं बसत नाही.

नागेशनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं. सुकेशनी दारात जाऊन उभी राहिली आणि तिनं पंचफुलाबाईंचा नंबर लावला. पलीकडं फोन वाजायला लागला. दुपार इतकी सुन्न होती की मैदान ओलांडून त्या बंद खोलीतली रिंगसुद्धा तिला दुसऱ्या कानानं ऐकू येत होती.